बोट सोडून गाडीत राहायला येताय? कोल्हापुरातून सुरुवात अशी करा

बोटीवर राहिलेली माणसं मोटारहोममध्ये लगेच रुळतात, असा एक समज आहे. तो निम्माच खरा. अरुंद पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, अर्ध्या बादलीत अंघोळ, उठल्याउठल्या बॅटरीचा आकडा बघणं, ही शिस्त बोटीवरून आयती येते. पण नांगर टाकला की तेवढी जागा आपली, हा पाण्यातला हिशेब घाटावर चालत नाही. इथं गुंठ्यागुंठ्याला मालक आहे. रस्त्याला वजन कळतं, पुलाखालच्या कमानीला उंची कळते आणि आरटीओला कागद कळतो. बोटीवर तुम्ही वाऱ्याला विचारून राहत होता, गाडीत माणसांना विचारून राहायचंय.

आम्ही दोघं शिडाच्या बोटीवरून गाडीत आलो आणि कोल्हापुरातच गाडी बांधून घेतली. तेव्हापासून यॉट विकलेले, जहाजावरची नोकरी संपवून घरी आलेले ओळखीपाळखीचे लोक विचारायला येतात. त्यांना जे तोंडी सांगते, तेच इथं क्रमानं लिहिते आहे.

बोटीवरून काय उतरवायचं

बोट विकायच्या आधी एक दिवस काढा आणि सामानाचे दोन ढीग करा. १२ व्होल्टचा पाण्याचा पंप, एलईडी दिवे, स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, बॅटरी मॉनिटर, डोक्याला लावायची बॅटरी, चांगली हत्यारं हे सगळं घ्या. गाडी १२ व्होल्टची आहे याची मात्र खात्री करा, कारण मोठ्या बस आणि ट्रक २४ व्होल्टवर चालतात.

नांगर, साखळी, गंज रोखायला लावलेले जस्ताचे तुकडे, तळाचा रंग, झुलती शेगडी हे सोडून द्या. झुलत्या शेगडीचा मोह सुटत नाही अनेकांना. बोट कलते ती सावकाश, गाडी खड्ड्यात आदळते ती एकदम आणि उभी. त्या धक्क्यात झुलती शेगडी बिजागरासकट निखळते. दोरखंड मात्र एक ठेवा, चिखलात रुतल्यावर ट्रॅक्टरवाल्याला द्यायला उपयोगी पडतो.

लॉगबुक लिहायची सवय सोडू नका. आज कुठं पाणी भरलं, किती किलोमीटर झाले, कुठल्या टायरात हवा कमी निघाली, हे लिहिलेलं वर्षभरानं कामाला येतं.

कागद आधी, करवत नंतर

या पायरीवर घाई करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकानं परस्पर करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. तेरा सिटांची गाडी घेऊन सिटा काढून पलंग ठोकला, की तो बदलच झाला. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि वाहनांची अशी तपासणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे.

म्हणून तुमच्यापुढं तीन वाटा आहेत. मान्यता मिळालेली तयार कॅराव्हॅन विकत घ्या, महाग पडते पण डोकं शांत राहतं. किंवा ज्याच्याकडं मान्यताप्राप्त नमुना आहे अशाकडून बांधून घ्या. तिसरी वाट म्हणजे गाडीच्या मूळ रचनेला हात न लावता, काढता-घालता येईल असंच सामान ठेवणं. कुठलीही निवडा, पण पत्रा कापायच्या आधी आरसी आणि हातानं काढलेला का होईना नकाशा घेऊन आरटीओत जा आणि स्पष्ट विचारा. पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्यानं चालणारी गाडी घेत असाल तर ती खासगी करून घेण्याचा खर्च किमतीतच धरा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

लायसन्सची भीती नको. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलंय.

राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. त्याचा रोख कॅराव्हॅन भाड्यानं देणाऱ्यांकडं आणि पार्क उभारणाऱ्यांकडं आहे. गाडीतच संसार करणाऱ्याला त्यातून उद्या सकाळी नळ मिळेल, अशी आशा धरू नका.

पत्त्याचं म्हणाल तर आधार, बँक, पासपोर्ट, मतदान सगळं एका पक्क्या पत्त्यावर ठेवा. बहिणीचं घर, भावाचं घर, कुणाचंही चालेल, फक्त पोस्टमनची आणि त्या घराची ओळख हवी.

गाडी बघताना

फोर्स ट्रॅव्हलर आणि टाटा विंगर या दोनच गाड्यांभोवती बहुतेकांची निवड फिरते. ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर ओढते, विंगर पुढच्या. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण विंगरमध्ये पाण्याची टाकी, बॅटऱ्या, पलंग सगळं मागं ढकललं आणि पावसाळ्यात ओल्या मातीच्या चढावर गेलात, की पुढची चाकं नुसती फिरतात. विंगर घेणार असाल तर जड सामान शक्य तेवढं पुढं आणि खाली घ्या.

जुनी गाडी असेल तर ती कुठं फिरली ते विचारा. खाऱ्या हवेनं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. कोकणपट्टीत वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीपेक्षा घाटमाथ्यावरची गाडी दोन पैसे जास्त देऊन घेतलेली बरी. खाली झोपून चॅसी बघा, हातोडीनं हलकेच ठोका, आवाज बद्द आला तर निघून या. टायरवर चार आकडी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसू दे, जुना टायर बदलायचाच.

वजन: बोटीच्या माणसाची खरी परीक्षा

बोटीत सामान वाढलं की ती दोन बोटं खाली बसते, आणि आपण तळाच्या रंगाची रेघ बघून समजून जातो. गाडी काही बोलत नाही. थेट घाटात ब्रेक तापल्यावर बोलते.

आरसीवर दोन आकडे असतात, रिकामं वजन आणि एकूण वजन. त्यांच्यातला फरक हीच तुमची सगळी चैन. त्यातून तुम्ही दोघं, पाणी, बॅटऱ्या, लाकूड, भांडी, पुस्तकं सगळं भागवायचं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी एकेक पन्नास किलोच्या आसपास भरते. लिथियमची १०० अँपिअर-अवरची बॅटरी बारा किलोत बसते. लिथियम महाग असूनही गाडीत का घ्यायची, याचं उत्तर यातच आलं.

बोटवाली माणसं सुताराकडं गेली की पहिलं वाक्य ‘मरीन प्लायच लावा’. आयएस-७१० या मरीन प्लायच्या मानकाचा शिक्का असलेला १८ मिलिमीटरचा, आठ बाय चारचा एक ताव साधारण ३५ किलोचा होतो. असे सहा ताव लागले तर दोनशे किलो नुसतं लाकूड. आमच्या मिस्त्रींनी ताव उचलून बघितला आणि विचारलं, ‘‘वहिनी, बोट हाय व्हय ही? एवढं जाड कशाला?’’ त्यांचं बरोबर होतं. ओट्याला आणि ओल्या जागेला मरीन प्लाय ठेवा, तोही १२ मिलिमीटरचा. बाकीचा सांगाडा ॲल्युमिनियम सेक्शनचा करा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वस्तीत, सेक्शन कापून, भोकं पाडून देणारे लोक हाकेवर आहेत. ड्रॉवरला आणि कपाटांना दाबून उघडणारं कुलूप लावा, कारण गाडीत सामान कलून पडत नाही, ब्रेक लागला की उडून येतं.

काम निम्मं झालं की भुईकाट्यावर जा. उसाच्या आणि एमआयडीसीच्या कृपेनं कोल्हापूर जिल्ह्यात भुईकाटे पैशाला पासरी आहेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. तीन पावत्या घ्या. मागच्या धुरीवरचं (ॲक्सलवरचं) वजन कंपनीनं दिलेल्या मर्यादेपाशी आलं असेल तर उरलेलं कपाट रद्द करा. काम पूर्ण झाल्यावर पाणी-गॅस भरून पुन्हा एकदा तोलून घ्या.

अजून एक सवय. डोलकाठीची उंची जशी तोंडपाठ होती, तशी सोलर पॅनेलसकट गाडीची उंची मोजून फूट-इंचात ड्रायव्हरसमोर चिकटवा. गावातल्या लोंबत्या वायरी आणि वडाच्या पारंब्या कुठल्याही नकाशात नसतात.

वीज

इथं तुम्ही बऱ्याच घरवाल्यांपेक्षा पुढं आहात, म्हणून फक्त वेगळं काय ते सांगते.

बोटीवर उणे तार वेगळी ओढायची सवय असते. गाडीत चॅसी हीच उणे बाजू. तरी राहत्या भागाला वेगळी तार ओढून चॅसीला एकाच ठिकाणी जोडा, दोष शोधायला सोपं जातं. जोड क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीनं दाबून बसवा, नुसता डाग देऊन सोडू नका. रस्त्याच्या थरथरीनं डागाशेजारी तार तुटते.

४०० वॅटच्या पॅनेलकडून मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला दीड युनिटभर वीज धरा. जुलैत गगनबावड्याला तेवढ्याच पॅनेलवर फ्रीज चालवायचा विचार सोडा. पावसाळ्यात कामाला येतो तो डीसी-डीसी चार्जर, म्हणजे इंजिन चालू असताना घरची बॅटरी भरणारा: ३० अँपिअरचा असेल तर दोन तासांच्या प्रवासात पाऊण युनिट भरून देतो. बोटीवर चार्जिंगसाठी इंजिन सुरू ठेवावं लागायचं, इथं तो प्रवासाचाच उपपदार्थ.

बाहेरून वीज घेताना गाडीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायला लागताच वीज तोडणारा स्विच, असलीच पाहिजे. आणि मळ्यात मुक्काम असेल तर विहिरीच्या मोटरीच्या पेटीतून वायर घेऊ नका. शेतीची वीज कधी येईल आणि तिथं अर्थिंग कसं असेल याचा भरवसा नाही, शिवाय ते कनेक्शन शेतीसाठी आहे. मालक घरातल्या प्लगमधून देत असतील तर घ्या आणि निघताना पैसे पुढं करा. बहुतेक जण घेत नाहीत. तरी पुढं करा.

पाणी, संडास, गॅस

समुद्राच्या पाण्यात भांडी घासायची सोय गेली, हे लक्षात ठेवा. दोघांना काटकसरीनं दिवसाला चाळीस-पन्नास लिटर लागतं. टाकी धुरीजवळ आणि खाली बसवा, आत आडवे पडदे असलेली घ्या. अर्धी भरलेली टाकी घाटातल्या वळणावर गाडीला आपल्याकडं ओढते. पाणी कुठलं ते चाखून भरा. शिरोळ भागात क्षारपड जमिनी आहेत, तिथल्या बोअरचं पाणी पंपाला आणि पोटाला दोन्हीला जड. राधानगरी, भुदरगडकडं ही अडचण नाही.

संडासाचं सरळ सांगते. बोटीवर किनाऱ्यापासून लांब गेल्यावर टाकी रिकामी करायची मुभा होती, इथं ‘लांब’ असं काही नाही. कॅसेट टॉयलेट घ्या किंवा कोरडा संडास, पण तो रिकामा होईल फक्त सेप्टिक टँकच्या संडासात. ओढ्यात नाही, उसाच्या सरीत नाही, पंचगंगेत तर नाहीच. नदीनं आधीच पुष्कळ सोसलंय. साबणाचं पाणीसुद्धा टाकीत साठवा आणि मालकाला विचारून झाडांना घाला. रासायनिक द्रव कमी वापरा, कारण ज्याच्या सेप्टिकमध्ये ओतताय त्याचे जिवाणू मरतात आणि तो पुढच्या वेळी नाही म्हणतो.

गॅस हवेपेक्षा जड असतो आणि बोटीत तो तळाला साठतो, हे तुम्ही शिकून आलाच आहात. गाडीतही सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीतून खाली उघडणारं भोक हवंच. पाच किलोचा सिलिंडर दोघांना पुरतो. नारिंगी सुरक्षा नळीवर छापलेली मुदत बघा, ती पाच वर्षांची असते.

ऊन

बोटीखाली पाणी असतं, ते तिला थंड ठेवतं. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. एप्रिल-मेच्या दुपारी शहरात गाडी लावून आत बसणं शक्य नाही, पंखे कितीही लावा. छताला आणि बाजूंना एसीवाल्यांकडं मिळणारी नायट्राइल रबराची शीट चिकटवा, काचांना बाहेरून झाकण करा, छतात पंखा बसवा. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे दुपारी बारा ते चार झाडाखाली थांबा. पडदे, गाद्यांची कव्हरं गांधीनगरच्या कापडबाजारातून घ्या. फिक्या रंगाची, धुवायला सोपी.

रात्रीचा मुक्काम

नवख्यांना सर्वात अवघड जातं ते हेच. संध्याकाळी चारला जागा शोधायला लागा, अंधार पडल्यावर नको. उजेडात आलेली गाडी पाहुण्यांची असते, अंधारात आलेली संशयाची.

गावात शिरलात तर गाडी थांबवून उतरा. पारावर बसलेल्यांकडं चालत जा, काचेतून हाक मारू नका. पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘पाव्हणं, कुठलं?’’ गावाचं नाव सांगा, किती जण आहात सांगा, सकाळी किती वाजता निघणार ते सांगा. मग विचारा, ‘‘मामा, रात्रीपुरती गाडी हितं लावली तर चालंल का?’’ तीन गोष्टी त्यांना ऐकायच्या असतात: दारू नाही, दंगा नाही, कचरा मागं राहणार नाही. पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना फोन लावून द्यायला त्यांनाच सांगा, म्हणजे रात्री दोनला कुणी बॅटरी मारत नाही. ‘‘घर न्हाई व्हय तुमास्नी?’’ हा प्रश्नही येणारच. त्याचं उत्तर हसून द्या आणि गाडी आतून दाखवा. पोरं ओटा बघतात, बायका संडास कुठं आहे ते विचारतात, आणि तासाभरात ताकाचा तांब्या येतो.

गाव नको असेल तर मोठे पेट्रोल पंप, हमरस्त्यावरचे ढाबे, लग्नसराई नसताना मंगल कार्यालयाची आवारं, ओळखीचे मळे चालतात. हंगामात गुऱ्हाळाशेजारी जागा मिळाली तर सोडू नका. रात्रभर माणसं जागी असतात आणि सकाळी ताजा रस मिळतो. देवस्थानांच्या पार्किंगमध्ये चालतं, मात्र चैत्र पौर्णिमेच्या सुमाराला जोतिबाच्या डोंगराकडं फिरकू नका, यात्रेत गाडी हलवताच येत नाही. दाजीपूर-राधानगरी अभयारण्यात परस्पर मुक्काम करायचा नाही. गवे तुमची गाडी बघून रस्ता बदलत नाहीत.

पाणी चढायला लागलं की

बोटीवरच्या माणसाची सहजवृत्ती इथं अगदी उलटी पडते. भरती आली की तुम्ही दोर सैल सोडत होता आणि बोट वर उचलली जात होती. गाडी उचलली जात नाही, बुडते किंवा वाहते. म्हणून निघायचं ते पाणी दिसायच्या आधी.

कोल्हापुरात सगळे एकच आकडा विचारतात: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. २०२१ मध्ये पुन्हा तेच. माझा नियम असा की इशारा पातळीची वाट बघायचीच नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागल्याची बातमी आली आणि पाऊस थांबत नाही असं दिसलं, की गाडी सागरमाळ, शेंडा पार्कसारख्या चढाच्या भागात न्यायची. प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या बाजूला पावसाळ्यात मुक्कामच करू नका. गगनबावडा रस्त्यावर बालिंग्याचा पूल आणि रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळचा भाग लवकर बंद होतो. तुम्ही पलीकडं असाल तर चार-पाच दिवसांचं पाणी, डिझेल, तांदूळ घेऊनच असा. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा (पुराचं पाणी देवळाच्या दक्षिण दारातून बाहेर पडतं तो) बघायला जायचं असेल तर एसटीनं जा.

पहिल्या फेऱ्या

पहिल्या काही रात्री नातेवाइकांच्या अंगणात काढा. हसतील, हसू द्या. गळणारा नळ, कुरकुरणारं बिजागर, आपसूक उघडणारा ड्रॉवर हे सगळं उद्यमनगर जवळ असतानाच कळलेलं बरं.

मग पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, चढ आहे, थंडावा आहे आणि काही बिनसलं तर तासाभरात परत येता येतं. गडावरचे रस्ते अरुंद आहेत, शनिवार-रविवार टाळा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून तर गर्दीचं विचारूच नका.

त्यानंतर आंबा घाट किंवा गगनबावडा, पण माथ्यापर्यंतच. खाली कोकणात उतरायचं ते ब्रेकचा अंदाज आल्यावर. घाटात ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा, ब्रेक सतत दाबून ठेवू नका, चढणाऱ्याला आधी वाट द्या. पायथ्याशी थांबून चारही चाकांजवळ हात न्या. एखादं दुसऱ्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक अडकतोय, तसंच पुढं जाऊ नका.

रात्रीचा प्रवास शक्यतो नकोच, आणि साखर कारखाने सुरू झाल्यापासून मार्चपर्यंत तर अजिबात नको. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंना हातभर आलेला ऊस. हेडलाइटच्या उजेडात तो दिसतो तेव्हा ब्रेकला जेवढं अंतर हवं असतं तेवढं उरलेलं नसतं. तुमची गाडी आता साडेतीन टनांची आहे.